आधी केळी लावल्या

"संकट माणसाला घडवतं" असं बरेच जण म्हणतात. घडवत असेलही, पण त्याच दिवशी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धनच्या बाजूलाच किनाऱ्यावर आलं आणि दोन-तीन तासांत आजोबांनी लावलेली रोठा जातीच्या सुपारीची वाडी आडवी झाली. माडही गेले. बाबा कित्येक दिवस वाडीत पाऊल टाकेनात. घरावर पत्रे नाहीत, लाईट नाही, आणि येणारा जाणारा म्हणायचा, "यातूनही काहीतरी चांगलंच होईल." त्या वेळी ते ऐकवत नव्हतं. दुःखात असलेल्या माणसाला असं सांगू नये, असं मला आजही मनापासून वाटतं.

आमच्यात काही बदललं ते पुन्हा लागवड करताना. सुपारीच्या कोवळ्या रोपाला उघडं ऊन सोसत नाही, पानं करपतात. आणि सावली देणारं तर सगळंच पडलेलं. म्हणून बाबांनी आधी केळी लावल्या आणि त्यांच्या आडोशाला रोपं. सुपारी धरायला पुढे पाच-सहा वर्षं तरी जातात, हे माहीत असून. माझी मुंबईतली नोकरी त्याच सुमारास गेली होती. रोज संध्याकाळी दोघं मिळून शिंपणं करायचो, फारसं न बोलता. एकदा पाण्याची पाळी बदलताना मी म्हटलं, "बाबा, मला काही सुचत नाहीये." ते आळ्यातली माती सारखी करत होते. वर न बघताच म्हणाले, "मलाही झोप लागत नाही रे." इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी असं कधी बोललो नव्हतो.