‘अमेरिकन’ शब्दावर बंदी नव्हती, पण...

स्टॅनफर्ड विद्यापीठाने ‘अमेरिकन’ या शब्दावर बंदीच घातली होती, असे अनेकदा सांगितले जाते, पण ते नेमके नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गाजलेली, टाळावयाच्या शब्दांची ती यादी तिथल्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने विद्यापीठाची संकेतस्थळे आणि संगणकीय कोड यांच्यापुरती केली होती. विद्यार्थी वा प्राध्यापक काय बोलतात याच्याशी तिचा संबंध नव्हता, आणि टीकेची झोड उठल्यावर जानेवारी २०२३ मध्ये ती हटवलीही गेली.

यादी सदोष होती, हे मात्र मान्य. अमेरिका खंडांत इतरही अनेक देश असल्यामुळे ‘अमेरिकन’ऐवजी ‘यूएस सिटिझन’ लिहावे, अशी तिची शिफारस होती. आता नागरिकत्व ही कायदेशीर बाब. ग्रीन कार्डावर वीस वर्षे तिथे राहून स्वतःला अमेरिकन म्हणवणारा माणूस या ‘सर्वसमावेशक’ पर्यायातून अलगद बाहेर पडतो. मालक-गुलाम संबंधांची आठवण देतो म्हणून त्याच यादीत आलेल्या ‘मास्टर’ या शब्दाची गोष्ट वेगळी. संगणकीय कोड साठवण्याच्या ‘गिटहब’ या संकेतस्थळाने त्याआधीच, ऑक्टोबर २०२० पासून, नव्या रेपॉझिटरीतल्या (एका प्रकल्पाच्या कोडसाठ्यातल्या) मूळ शाखेचे, म्हणजे कोडच्या मुख्य आवृत्तीचे, नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केले होते. तिथेही कुरकुर झालीच, पण बदल रुळला, कारण ‘मेन’ म्हटल्याने अर्थ कुठेच तोकडा पडत नव्हता.