‘द लंचबॉक्स’मधली डब्यांची अदलाबदल पटते का?

नौपाडा, ठाणे :
रितेश बत्रा यांचा २०१३ सालचा ‘द लंचबॉक्स’ पुन्हा पाहिला. इरफान खान यांचा अभिनय अप्रतिमच आहे. परंतु गृहिणी इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला डबा एकदा नव्हे, रोजच साजन या अनोळखी कर्मचाऱ्याकडे (इरफान खान) पोहोचतो, हे आपणांस पटते का?

वाशी :
मला पूर्ण पटते. डबा घरून उचलणारा आणि कचेरीत पोहोचवणारा बहुधा वेगवेगळे असतात. मधल्या वर्गीकरणात पूर्ण नाव-पत्ता नसतोच, झाकणावर रंगवलेल्या अक्षरा-आकड्यांवरून डबा स्थानक, इमारत आणि मजला गाठतो. त्यामुळे दोन डब्यांच्या खुणाच बदलल्या, तर चूकही रोज त्याच शिस्तीने घडणार. शिवाय इलाच्या नवऱ्याला साजनच्या डब्यातली खाणावळीची फ्लॉवरची भाजी मिळते, म्हणजे अदलाबदल दोन्हीकडून आहे.

कोपरी, ठाणे :
खुणांचा मुद्दा मान्य. मात्र इलाने स्पष्ट सांगूनही डबेवाला चूक मानायलाच तयार होत नाही, हे मला खटकते. ग्राहकाची तक्रार आल्यावर निदान झाकण तरी तपासले जाईल. काटेकोर कथानक हवे असेल, तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ अवश्य पाहावा. त्यातल्या खटल्याच्या लांबणाऱ्या तारखा अगदी खऱ्या वाटतात.