भजन आणि भावगीतांच्या साथीसाठी अरेंजर कीबोर्ड : कोणता घ्यावा, दुकानात काय तपासावे?

मुलुंडकर :

नमस्कार. आमच्या सोसायटीतील महिला भजनी मंडळाला मी पेटीची साथ करतो. गणेशोत्सवात आणि नवरात्रात अभंगांच्या जोडीला भावगीते व जुनी चित्रपटगीतेही होतात. तबलावादक दर वेळी मिळतोच असे नाही, त्यामुळे ठेका आणि भरणा दोन्ही देणारा अरेंजर कीबोर्ड घ्यावा असे मंडळात ठरले आहे.

धोबीतलावच्या एका दुकानात यामाहाचे पीएसआर-एसएक्स६०० व एसएक्स७०० आणि कॅसिओचा सीटी-एक्स८०००आयएन असे तीन कीबोर्ड वाजवून पाहिले. पहिल्या ऐकण्यात एसएक्स७०० मधील व्हायोलिनसमूह आणि बासरी फारच भावली; मात्र तबला-ढोलकीचे ठेके कॅसिओत आधीपासूनच भरलेले असल्याने हात तिकडेही वळत होता. दुकानातील विक्रेता टोनची (वाद्यांच्या आवाजांची) आणि स्टाइलची (तयार साथीच्या साच्यांची) संख्याच सांगत राहिला आणि त्यावरून माझा काही निर्णय होईना. आमच्या गायिका बहुतेक काळी चार किंवा काळी पाच या पट्ट्यांत गातात. अशा साथीसाठी नेमके काय पाहून निवड करावी?

काळी दोन :

एसएक्स७०० माझ्याकडे नुकताच आला आहे, म्हणून अनुभव ताजा आहे. तुम्हाला जे भावले तेच मलाही पहिल्या संध्याकाळी भावले होते. सात इंची स्पर्शपडद्यामुळे टोन शोधणे सोपे जाते आणि वाद्याचे स्वतःचे स्पीकर दिवाणखान्यातील बैठकीला पुरतात. मंडपात मात्र आवाज मिक्सरकडेच द्यावा लागेल. तरीही साथीचे वाद्य टोनवरून निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गायिकेला टेकू लागतो तो ठेक्याचा, आणि तो तिच्या पट्टीत व तिच्या लयीत कसा वाजतो हे पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

पट्टीचा मुद्दा दुकानात सहसा कोणी सांगत नाही. ट्रान्सपोज केल्यावर, म्हणजे बटणाने पट्टी बदलल्यावर, बासरी, तंतुवाद्ये आणि बेस वर-खाली सरकतात. तालवाद्यांचा संच मात्र जागचा हलत नाही. ड्रमच्या बाबतीत ते योग्यच आहे, कारण गाण्याची पट्टी बदलली म्हणून कोणी ड्रम नव्याने लावत नाही. तबल्याचा दायाँ (उजव्या हाताचा) मात्र षड्जात लावलेला असतो. ध्वनिमुद्रित दायाँ एका स्वराचा आणि तुमची गायिका काळी पाचची, असे झाले की ‘ना’ हा बोल प्रत्येक आवर्तनात किंचित खुपत राहतो. ढोलकी, टाळ, खंजिरी यांत हा दोष जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे अभंगाला अडचण कमी येते. संथ भावगीतात ती लगेच उघडी पडते. म्हणून दुकानात आधी काळी चार लावा, मग काळी पाच, आणि दोन्ही पट्ट्यांत फक्त तबला व तानपुऱ्यासारखा एखादा स्थिर स्वर ऐका. त्या दुकानात तालवाद्याचा स्वर स्वतंत्रपणे बदलून दाखवणारा कोणी भेटला तर उत्तमच.

दुसरी गोष्ट लयीची. केरवा आठ मात्रांचा असला तरी कीबोर्डवर तो बहुधा चार ठोक्यांच्या एका बारमध्ये बसवलेला असतो, म्हणजे पडद्यावर ८० हा आकडा दिसत असेल तर मात्रा मिनिटाला १६० पडत असतात. बहुतेक तयार ठेके मध्यलयीच्या आसपास जिवंत वाटतात. लय बरीच उतरवली की दोन बोलांमधली जागा रिकामी पडते, कारण खरा तबलजी तिथे जे भरतो ते त्या मुद्रणात नसते. तुमच्या मंडळातले सर्वांत संथ गीत मनात म्हणत तो ठेका निदान दोन अंतरे चालू ठेवा. मी हे दुकानात केले तेव्हा शेजारचा ग्राहक वैतागला होता, पण निवड त्यामुळेच झाली.

तालवेडा :

वरील सर्व मान्य आहे, पण मुलुंडकरांनी एसएक्स७००चा हट्ट धरू नये असे वाटते. भारतीय ठेके आणि टोन आधीपासून भरलेले हवे असतील तर कॅसिओची ‘आयएन’ मालिका आणि यामाहाचा पीएसआर-आय५०० ही वाद्ये त्यासाठीच बनवलेली आहेत. आय५०० मध्ये तबला-तानपुऱ्यासह रियाझाची सोयही आहे. एसएक्स मालिकेत भारतीय साहित्याचा विस्तार-संच वेगळा भरता येतो, पण त्यासाठी संगणक आणि थोडा वेळ हाताशी हवा.

एक सावधगिरी मात्र दोन्हीकडे लागू आहे. रूपकच्या नावाने जे काही वाजते ते नीट तपासा. रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे भार नसलेल्या, मात्रेवर असते; ‘ती ती ना धी ना धी ना’ यात पहिल्या मात्रेवर भार नाही. सात ठोक्यांची पाश्चात्त्य धाटणीची स्टाइल पहिल्याच ठोक्यावर बेस-ड्रम आपटते, आणि त्यावर गाणारी व्यक्ती समेवर येताना दचकते. पेन ड्राइव्हवर ‘मराठी स्टाइल’ म्हणून जे संच विकले जातात त्यांतही हा घोळ आढळतो. शिवाय एका कंपनीची स्टाइल फाइल दुसऱ्या कंपनीच्या वाद्यावर थेट चालत नाही, तेव्हा वाद्य ठरल्याशिवाय असा संच विकत घेऊ नका.

मुलुंडकर :

दोघांचेही आभार. रूपकमध्ये आमची दोनच पदे आहेत, तिथे टाळांवर भागवता येईल. एक शंका आहे. डावा हात कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) ठेवला की अभंगात मधूनच भलतीच कॉर्ड लागते आणि रागाचा रंग बिघडतो. मला कॉर्डचा सराव नाही, हे कारण आहेच. पण काही वाटही असेल का? आणि पेटीवर भात्याने जो चढउतार मिळतो त्याची उणीव फार जाणवते.

काळी दोन :

कॉर्डचा सराव अभंगासाठी करूच नका, भावगीतासाठी सावकाश करा. यामाहाच्या या वाद्यांवर एसीएमपी नावाचे बटण असते. ते बंद केले की स्टाइलमधला फक्त ताल वाजतो, बेस आणि कॉर्ड गप्प होतात, आणि दोन्ही हात पेटीसारखे मोकळे राहतात. भावगीताला बेस हवासा वाटला तर एसीएमपी चालू ठेवून कॉर्डचे आणि भरण्याचे भाग एकेक करून बंद करता येतात. ताल आणि बेस एवढेच ठेवले तर डाव्या हाताने मुख्य कॉर्ड धरूनही पुष्कळ निभावते. ही सगळी मांडणी प्रत्येक गीतासाठी रजिस्ट्रेशनमध्ये जतन करून ठेवा, म्हणजे कार्यक्रमात एका बटणावर पट्टी, लय, ठेका आणि टोन एकदम समोर येतात.

भात्यासाठी पायाचे व्हॉल्यूम पेडल घ्या. एसएक्स७००ला पेडलसाठी दोन जागा आहेत. एकीत स्वर लांबवणारे सस्टेन पेडल आणि दुसरीत एफसी७ हे व्हॉल्यूम पेडल जोडले की पेटीच्या टोनला श्वास येतो. माझ्या लेखी वाद्याच्या खालोखाल हीच महत्त्वाची खरेदी आहे. पेटीचा टोन लावला असताना सस्टेनवर पाय ठेवू नका, स्वर एकमेकांत मिसळतात.

आणखी एक. या वाद्यांत स्केल ट्यूनची, म्हणजे एकेक स्वर किंचित चढवण्या-उतरवण्याची, सोय आहे. समान अंतराच्या स्वररचनेतला गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो; तो उतरवून पाहिलात तर संथ पदात फरक कानाला कळेल. मात्र बेस-कॉर्ड चालू असताना हा प्रयोग टाळा, कारण साथीचे भाग जुन्या रचनेत राहिले तर दोन गंधार भांडू लागतात.

गिरगावकर :

वजनाचाही विचार करा. एसएक्स७०० साडेअकरा किलोच्या आसपास आहे, एसएक्स६०० त्याहून बराच हलका. पिशवी, स्टँड आणि पेडल धरून हे ओझे सकाळच्या लोकलने न्यायचे तर मालडब्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मंडळात वाद्य उचलणारे कोण आहे हे तुम्हालाच ठाऊक. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि वाजवून झाल्यावर वाद्य झाकून ठेवा. समुद्राकडच्या दमट हवेत पट्ट्यांखालचे रबरी संपर्क लवकर कुरकुरतात. कार्यक्रमासाठी अ‍ॅडॉप्टर आणि ऑडिओ केबल यांची एकेक जादा जोडी जवळ हवी. लॅमिंग्टन रोडला मिळेल, पण अ‍ॅडॉप्टरचे व्होल्ट आणि टोकांची (धन-ऋण) दिशा मूळ अ‍ॅडॉप्टरशी ताडूनच घ्या.

भाव करताना हेही ध्यानात असू द्या की यामाहाने २०२४ मध्ये एसएक्स७२० आणि एसएक्स९२० आणले आहेत. जुन्या साठ्यातला एसएक्स७०० दाखवत असतील तर किंमत त्या मानाने उतरायला हवी, आणि वॉरंटीचे कार्ड दुकानाच्या शिक्क्यासह व विक्रीच्या तारखेसह तिथेच भरून घ्यावे.

मुलुंडकर :

शनिवारी मंडळातील दोन गायिकांना घेऊनच दुकानात जातो आहे. एक काळी चारची, एक काळी पाचची. सर्वांत संथ पद आणि एक भावगीत तिथेच म्हणायला लावतो. तबला खुपला तर एसएक्स६०० वर ढोलकी-टाळ घेऊन वाचलेल्या पैशांत पेडल आणि स्टँड घ्यावे, असा विचार आहे.

काळी दोन :

हे उत्तम. जाताना स्वतःचे हेडफोनही न्या. शनिवारी त्या दुकानांत गर्दी असते आणि शेजारी कोणी तरी ड्रम वाजवतच असतो.