शेगडीचा जाळ पिवळा येतोय, भांडी काळी होतायत. बर्नर बदलू की शेगडीच?

ओट्यापाशी:
नमस्कार मंडळी, मिस्टरांची बदली झाली म्हणून नुकतंच पुण्याहून कराडला आलोय, आमची तीन बर्नरची काचेची शेगडीपण सोबत आणली. पुण्यात एकदम झकास चालायची, निळा जाळ, कसली तक्रार नाही. इथे लावल्यापासून जाळ पिवळा आणि हा एवढा उंच, कढईच्या कडेने वर येतो, तवा जाऊ दे साधं दुधाचं पातेलंसुद्धा खालून काळंकुट्ट, आणि ते ओट्यावर ठेवलं की काजळीचं गोल वर्तुळ उमटतं. बर्नर काढून रात्रभर लिंबू आणि इनोच्या पाण्यात ठेवले, दाभणाने भोकं मोकळी केली, उन्हात वाळवून परत लावले, काडीचा फरक नाही. तिन्ही बर्नरचं तेच. शेजारच्या काकू म्हणतात सिलेंडरमध्येच घाण असणार, दुकानदार म्हणतो बर्नर गेले आता पितळी जड वाले घाला, आणि मिस्टर म्हणतात नवीन शेगडी घेऊन टाकू कटकट नको. पण शेगडी जुनी नाहीये हो, जीवावर येतं.
अजून एक, मधला नॉब फार घट्ट झालाय, त्यात थोडं खोबरेल सोडलं तर चालेल का?
आणि हो, सासूबाई म्हणतात दुपारी कधीकधी ओट्याजवळ गॅसचा वास येतो, मला तर येत नाही.

खान्देशी_तडका:
टाकी संपत आली असेल ताई. आमच्याकडे शेवटी शेवटी जाळ लालसर होतो नेहमी. नवीन लावून बघा.

ओट्यापाशी:
नाही हो, दुसरी टाकी लावून पण तेच.

निवृत्त_फिटर:
ताई, तुमचं शेवटचं वाक्य पहिलं पाहिजे होतं. जाळ, बर्नर, नॉब सगळं नंतर, आधी वासाचं बघा, आज, आत्ता.
सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, साधारण दीडपट ते दुप्पट, त्यामुळे गळला की वर जात नाही, फरशीवर पसरतो आणि ओट्याखालच्या कपाटात साठून राहतो. सासूबाई दुपारी खाली बसून भाजी निवडत असतील किंवा तिथेच जरा आडव्या होत असतील, म्हणून त्यांना येतो आणि उभ्याने काम करणाऱ्या तुम्हाला येत नाही. त्यांना भास होतोय असं समजू नका. गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच, गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वासाचं मर्कॅप्टन घातलेलं असतं, म्हणजे वास आला याचा अर्थ गॅस बाहेर आलाय. हवेत २ टक्क्यांच्या आसपास झाला तरी ठिणगी पुरते.
आता करायचं काय, तर दारं खिडक्या उघडा, ओट्याखालचं कपाट सताड उघडं ठेवा, रेग्युलेटर बंद करा. वास येत असताना दिवा, पंखा, एक्झॉस्ट कशाच्याही बटणाला हात लावायचा नाही, चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. वास पूर्ण गेला की वाटीत भांड्याच्या साबणाचा फेस करा, शेगडीची बटणं बंद ठेवून फक्त रेग्युलेटर चालू करा आणि तो फेस रेग्युलेटर टाकीवर बसतो तिथे, नळी रेग्युलेटरला जोडलीय तिथे, नळी शेगडीला जोडलीय तिथे आणि अख्ख्या नळीवर लावा. जिथे बुडबुडे फुगतील तिथे गळती. काडी ओढून गळती शोधणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या भुवया पण पाहिल्यात.
बुडबुडे टाकीच्या तोंडाशीच आले तर रेग्युलेटर काढा, दोरीला असते ती टोपी टाकीला घट्ट बसवा, टाकी उघड्यावर नेऊन ठेवा आणि १९०६ ला फोन करा, हा आणीबाणीचा नंबर रात्री पण चालू असतो. बऱ्याचदा आतलं रबरी वॉशर गेलेलं असतं. म्हणून टाकी घेताना सील फोडून डिलिव्हरीवाल्याला समोर तपासायला लावायचं, त्याला घाई असते पण आपल्याला नसावी.

कोल्हापुरी_मिसळ:
सगळं बरोबर. ताई, नळी कसली आहे ते पण बगा. केशरी सुरक्षा नळी पाहिजे, आत तारेची जाळी असलेली, वर आय एस ९५७३ छापलेलं असतंय आणि तारीख पण. ५ वर्षं झाली की दिसायला चांगली असली तरी बदलायची. वर कापडी कव्हर घालू नका, शोभेला छान दिसतंय पण आत चीर पडली तर कळणार कसं.

ओट्यापाशी:
बापरे, धन्यवाद काका. लगेच केलं सगळं. रेग्युलेटरपाशी काही नाही, पण नळी शेगडीला जोडलीय तिथे बुडबुडे आले! इथल्या माणसाने हिरवी साधी नळी लावली होती, टोकाला चिरलीय. रेग्युलेटर काढून टोपी लावून ठेवलीय. एजन्सीत फोन केला, उद्या येतात म्हणाले. आज इंडक्शनवर खिचडी 😅
पण मग पिवळा जाळ याच्यामुळेच का?

निवृत्त_फिटर:
नाही, ते वेगळं दुखणं. मला एक सांगा, पुण्यात तुमच्याकडे सिलेंडर होता की पाइप गॅस?

ओट्यापाशी:
पाइप गॅस होता. सोसायटीत सगळ्यांना तोच. का हो?

निवृत्त_फिटर:
मग झालं निदान. बर्नरचा काही दोष नाही आणि टाकीत घाण पण नाही.
बर्नरच्या खाली जी आडवी नळी जाते तिच्या तोंडाशी, नॉबच्या पुढे, छोटंसं पितळी जेट असतं, सुईच्या टोकाएवढं भोक. गॅस तिथून सुटतो आणि जाताना बाजूची हवा ओढून घेतो, ते मिश्रण बर्नरला जळतं. पाइपचा गॅस म्हणजे मिथेन, हलका, त्याचा दाबही कमी, २१ मिलिबारच्या आसपास, म्हणून पाइप गॅस जोडताना तो माणूस जुनी जेट काढून मोठ्या भोकाची घालतो नाहीतर आहे तेच भोक मोठं करतो. तुम्हाला बहुतेक आठवत पण नसेल, पाच मिनिटांचं काम असतं. आता त्याच मोठ्या भोकातून सिलेंडरचा गॅस येतोय, तोही ३० मिलिबारने. हा गॅस प्रोपेन-ब्युटेनचा. पाइप गॅसच्या एका भागाला जळायला हवेचे १० भाग पुरतात, याला २५ ते ३० लागतात. गॅस आला ढीगभर आणि हवा तेवढीच, मग अर्धवट जळणार, पिवळा जाळ, काजळी, आणि कार्बन मोनॉक्साइड पण तयार होतो ज्याला वासच नाही. त्यामुळे जेट बदलेपर्यंत ही शेगडी वापरूच नका, नळी नवी आली तरी.
एकच बर्नर पिवळा असता तर म्हटलं असतं नळीत झुरळ नाहीतर कोळ्याचं जाळं असेल, किंवा धुतलेला बर्नर ओला लावला असेल. तिन्ही एकदम आणि घर बदलल्यावर म्हणजे जेटच.

खान्देशी_तडका:
काका पण हवेची चकती असते ना बर्नरच्या नळीला, ती फिरवून हवा वाढवली तर? खर्च शून्य.

निवृत्त_फिटर:
आजकालच्या बऱ्याच शेगड्यांना ती फिरवायची सोयच नसते. आणि असली तरी जाळ थोडा निळसर होईल पण गॅस जास्तीचा तो जास्तीचाच, टाकी लवकर संपणार आणि सिमवर दूध उतू जाणार.

कोल्हापुरी_मिसळ:
जेट कुठंही मिळतात, किरकोळ किंमत आहे, पण मोठ्या आणि छोट्या बर्नरचं वेगळं असतंय, शेगडीचं मॉडेल सांगून घ्या. आणि कोण म्हणाला की जुनंच भोक ठोकून बारीक करून देतो, तर हात जोडा. घरी पाना घेऊन मिस्टरांना पण बसवू नका, आटे मऊ पितळेचे असतात, तिरकं गेलं की नवीन गळती.

ओट्यापाशी:
मिस्टर पाना घेऊनच बसले होते 😂 सांगते त्यांना. आणि नॉबचं खोबरेल?

निवृत्त_फिटर:
अजिबात नको. नॉबच्या आत निमुळता पितळी खुंटा असतो, त्याच्यावरचा ग्रीसचा पातळ थरच गॅस अडवून धरतो. खोबरेल त्यात गेलं की ते ग्रीस पातळ होऊन निघून जातं, पुढे तेल उष्णतेने चिकट होतं आणि नॉब पहिल्यापेक्षा घट्ट. जेट बदलायला मेकॅनिक येईल त्यालाच सांगा, तो खोलून पुसून उष्णता सहन करणारं ग्रीस लावेल, लगेच होतं. काम झाल्यावर तो असतानाच परत साबण लावून बघा, आणि जाळ निळा, टोकं न थरथरणारी, बर्नरला चिकटून आहे ना ते बघा. मधेच एखादी केशरी ठिणगी दिसली तर ती धूळ, घाबरू नका.

ओट्यापाशी:
अपडेट: एजन्सीच्या माणसाने केशरी नळी लावली, मेकॅनिकने तिन्ही जेट बदलली, नॉब लोण्यासारखा फिरतो. जाळ निळा!! सासूबाईंचं म्हणणं आहे की मी तर आधीच सांगत होते, आणि ते खरंच आहे. दोन-तीन वर्षांनी परत पुण्याला जाणार आहोत, तर जुनी जेट ठेवू का?

निवृत्त_फिटर:
ठेवा, पुडीत बांधून वर पाइप गॅस असं लिहून, नाहीतर स्क्रूच्या डब्यात जाऊन हरवतील. पण तिथे बसवायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच.

कोल्हापुरी_मिसळ:
आणि ती हिरवी नळी भंगारात देताना तुकडे करून द्या ताई. अख्खी दिली तर कोणतरी उचलून परत लावतंय.