मदत हवी आहे: देशपातळीवरच्या रँकिंगवरून मुलाची शाळा बदलावी का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मुलगा सातवीत आहे. पाथर्डी फाट्याजवळच्या स्टेट बोर्डाच्या सेमी-इंग्रजी शाळेत सायकलने जातो. आठवीला त्याला गंगापूर रोडकडच्या एका सीबीएसई शाळेत घालायचं घरात घाटतंय. कारण एकच, त्या शाळेचं देशपातळीवरच्या रँकिंगमध्ये नाव आलंय आणि त्याचं होर्डिंग आमच्या ह्यांना ऑफिसला जाता-येता दिसतं. सासऱ्यांना तर तो नंबर तोंडपाठ झालाय. फी आताच्या चौपट, व्हॅनचे वेगळे, आणि सकाळच्या गर्दीत सिडको, त्र्यंबक रोड पार करून जायचं म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको.

तो नंबर नक्की कशाचा, हे मला कळत नाहीये. होर्डिंग नीट वाचलं तर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात "अमुक गटात" असं लिहिलंय. डे स्कूल, बोर्डिंग, मुलींची, को-एड, शिवाय राज्यात, शहरात... इतके गट पाडल्यावर कुठला ना कुठला नंबर बऱ्याच जणांच्या वाट्याला येणारच. एज्युकेशनवर्ल्ड मासिकाची यादी 2007 पासून निघते, तीही मुख्यतः पालक, शिक्षक, मुख्याध्यापक यांच्या मतांवर. जिचं नाव आधीच मोठं, तिला मतंही जास्त. सरकारी एनआयआरएफ क्रमवारी कॉलेजं आणि विद्यापीठांची असते, शाळांची नाही.

दीर अमेरिकेत असतात. त्यांचं म्हणणं, तिकडे सगळं आकड्यांवर चालतं. म्हणून तेही वाचून काढलं. यू.एस. न्यूज या तिथल्या प्रकाशनाच्या यादीत सुमारे 18,000 सरकारी हायस्कूलं असतात. 30 टक्के वजन एपी आणि आयबी या कॉलेजच्या तोडीच्या परीक्षा किती मुलांनी दिल्या आणि किती पास झाली याला. राज्याच्या परीक्षेतल्या गुणांना 20. आणखी 20 मात्र मला आवडले: मुलांची घरची परिस्थिती बघता जेवढी अपेक्षा होती, त्याच्या वर ती गेली की खाली राहिली, याला. पण पहिला नंबर कोणाचा? व्हर्जिनियातली थॉमस जेफरसन ही शाळा 2020 ते 2022 सलग पहिली, आणि ती मुलं निवडूनच घेते. आपल्या नवोदयचंही तसंच. सहावीला परीक्षा घेऊन वेचलेली पोरं दहावीत चमकली, तर त्यात शाळेचं किती आणि निवडीचं किती? (नवोदयवर माझा राग नाही, तिथे निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात.)

आमची आताची शाळा कुठल्याच यादीत नाही. लॅबमधल्या निम्म्या परीक्षानळ्या फुटलेल्या, स्वच्छतागृहाबद्दल तर बोलायलाच नको. पण गणिताच्या बाई वही तपासतात म्हणजे खरंच तपासतात. परवा एका समीकरणात ह्याचं उत्तर बरोबर आलं होतं, तरी बाईंनी तिसऱ्या पायरीला लाल गोल करून लिहिलं होतं, "इथे चिन्ह चुकलं, खाली परत चुकलं, म्हणून उत्तर जुळलं. पुन्हा सोडव." साठ मुलांच्या वर्गात! याला कोण किती गुण देणार?

नव्या शाळेत चौकशीला गेले तर गुळगुळीत माहितीपत्रक, स्मार्टबोर्ड, रोबोटिक्स. मी विचारलं, आठवी-नववीला गणित कोण शिकवतं, किती वर्षांपासून? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, आमची फॅकल्टी खूप एक्सपिरियन्स्ड आहे." नाव काही मिळालं नाही.

तर शाळेने स्वतः मुलात काय भर घातली, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं? कुठले कागद बघू, कोणाला काय विचारू? आठवीत बोर्ड बदललेल्यांनी अनुभव सांगा. "सीबीएसईच बेस्ट" एवढंच लिहू नका प्लीज, ते घरात रोज ऐकतेय.

खडूफळा: ताई, मी निवृत्त शिक्षक. "100 टक्के निकाल" दिसला की आधी नववीत किती मुलं होती ते बघावं. काही ठिकाणी कच्च्या मुलाच्या पालकांना नववीतच बोलावून दाखला घ्यायला सांगतात, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात. पोरगं बाहेरून बसतं, शाळेचा निकाल स्वच्छ राहतो. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी वेबसाइटवर शाळा शोधली की इयत्तावार पट दिसतो. एका वर्षीची नववी आणि पुढच्या वर्षीची दहावी शेजारी मांडा.

सिडकोकर_आई: सीबीएसई शाळेला वेबसाइटवर "मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर" टाकावंच लागतं. तीन वर्षांचे निकाल, किती बसले, किती पास, शिक्षक किती, समुपदेशक आहे का, सगळं असतं. शिवाय शाळा सुटताना गेटवर उभं राहून मधल्या फळीतल्या मुलांच्या आयांशी बोला. टॉपरच्या आईला विचारून उपयोग नाही, तो कॅनडा कॉर्नरच्या क्लासमध्ये घडत असतो. माझ्या मुलीने आठवीत बोर्ड बदललं. सेमीमुळे गणित-विज्ञान इंग्रजीत होतंच, गाडी अडली इतिहास-भूगोलात. वर्षभर धडे घरी मराठीत समजावून सांगत होते.

नाशिकरोड४२२: थोडं उलटं बोलतो. नंबर सोडा, पण फुटक्या नळ्याही सोडू नका. नववी-दहावीत प्रयोग हातानेच करावे लागतात. आणि उद्या त्या बाईंची बदली झाली तर? एका शिक्षिकेच्या भरवशावर शाळा ठरवणं मला रँकिंगइतकंच कच्चं वाटतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. बाईंबद्दलचा मुद्दा लागला, पण खरा आहे. त्यांच्यानंतर गणित कोणाकडे जाणार, हे आमच्या शाळेत विचारते. यूडायसवर पाहिलं, तिकडच्या नववीच्या आणि पुढच्या वर्षीच्या दहावीच्या पटात बराच फरक आहे. पालकांच्या बदल्यांमुळेही असेल, म्हणून प्रिन्सिपलांची वेळ मागितलीय. त्यांनी आकडे समोर ठेवून उत्तर दिलं तर शाळा बदलायचा विचार पुढे नेईन, "एक्सपिरियन्स्ड फॅकल्टी" ऐकायला मिळालं तर विषय बंद. सिडकोकर ताई, इतिहासासाठी एनसीईआरटीचंच पुस्तक आधी वाचून घेऊ की दुसरं काही सुचवाल?