सागाचं खरं कौतुक खिळ्यात आहे

वर कोणीतरी लिहिलंय की इंग्रजांनी मुंबईत सागाची जहाजं बांधली ती फक्त तिकडचं ओक झाडाचं लाकूड संपत आलं म्हणून. ते अर्धंच खरं आहे भावा. ओकात टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट आंबट अंश, भरपूर, त्यामुळं आत मारलेला लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतीचं लाकूडही काळं पडून कमजोर होतं, सागात तेल असल्यामुळं हा त्रास लई कमी. जहाजं बांधणाऱ्या वाडिया मंडळींनी मुंबईच्या गोदीत बांधलेली त्रिंकोमाली नावाची सागाची युद्धनौका १८१७ ला पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतीय, आता बोला!

आमचं कोल्हापूर म्हणजे समुद्रापासून घाटावर, बोटीचा काय संबंध, पण शिवाजी पेठेतला आमचा जुना वाडा उतरवला तेव्हा हेच बघितलं. सागाच्या तुळईतले खिळे पकडीनं ओढले तर वरचा गंज सोडून आतून बऱ्यापैकी शाबूत, आणि मागच्या सोप्याला कधीतरी काटकसर म्हणून ऐन झाडाचं लाकूड वापरलेलं, तिथं प्रत्येक खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखा काळा डाग, दोन खिळे तर हातातच तुटले. टिंबर मार्केटातला मिस्त्री नुसता वास घेऊन साग वेगळा काढत होता, ते एक वेगळंच.