‘डिसइंटरेस्टेड’ला ‘उदासीन’ म्हणावं का?

कॉलेजरोडची पाटी
जीआरई (परदेशात पुढच्या शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा) देणाऱ्या मुलांसाठी अवघड इंग्रजी शब्दांची मराठी अर्थांसह यादी करतेय. क्लासमधून फिरणाऱ्या एका जुन्या झेरॉक्सवर ‘डिसइंटरेस्टेड : उदासीन, रस नसलेला’ असं आहे. त्यावरून मुलं हमखास आपटतात. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रकारच्या प्रश्नात सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा. एक बरोबर आणि एक चूक असेल तर गुण शून्य. समजा वाक्य भावाभावांच्या वाटणीचं आहे : द्राक्षबागेची किंमत ठरवायला दोघांनाही चालेल असा कोणी हवा. पर्यायांत डिसइंटरेस्टेड, इम्पार्शियल, इन्डिफरंट, अ‍ॅपथेटिक आणि दोन भरताड. उदासीन पाठ केलेला मुलगा डिसइंटरेस्टेडला इम्पार्शियलऐवजी इन्डिफरंटशी जोडतो आणि प्रश्न घालवतो. तर यादीत काय लिहू? एकच शब्द सुचवा, रकाना अरुंद आहे.

गोदाकाठ
‘त्रयस्थ’ लिहा आणि मोकळ्या व्हा. वादात ज्याचं काही अडकलेलं नाही तो. रस असण्या-नसण्याचा इथे प्रश्नच नाही. बागेची किंमत करणाऱ्याला तर पुरता रस घ्यावा लागतो : वेलीचं वय विचारायचं, ओलांडे (वेलीचे आडवे फाटे) आणि काडी बघायची, लोखंडी अँगल कुठे गंजलेत, ठिबकच्या नळ्या किती जुन्या, सगळं तपासायचं. इतका इंटरेस्ट घेणारा माणूस डिसइंटरेस्टेड असू शकतो, हे मुलांच्या गळी उतरत नाही.

निफाडवाले भाऊ
त्रयस्थ माणसाला चालतो, सल्ल्याला चालत नाही. ‘डिसइंटरेस्टेड अ‍ॅडव्हाइस’ला त्रयस्थ सल्ला म्हणालात तर तो नुसता बाहेरच्याचा सल्ला झाला. द्राक्षावरच्या भुरी रोगावर कोणतं औषध मारायचं हे ज्याला त्या डब्यामागे काहीच सुटत नाही असा माणूस सांगतो, तो सल्ला डिसइंटरेस्टेड. मराठीत ‘निरपेक्ष सल्ला’. पाटीताई, पुढचा शब्द कोणता येतोय ते बघून अर्थ ठरवा. पार्टी, ऑब्झर्व्हर, विटनेस आले की त्रयस्थ. अ‍ॅडव्हाइस, फ्रेंडशिप, सर्व्हिस आले की निरपेक्ष. एका शब्दात बसवाल तर कुठेतरी फाटणारच.

भगूरकर
‘निःस्पृह’ असताना एवढी शोधाशोध कशाला? रामशास्त्री प्रभुण्यांना मराठी माणूस दुसरं विशेषण लावतच नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल (१७७३) त्यांनी दोषी धरलं ते थेट राघोबादादांना, ज्यांचा वाडा आपल्या नाशिकच्या आनंदवल्लीत होता. रामशास्त्री काय खटल्याबद्दल उदासीन होते? आणि ताई, तुमच्या यादीत अर्थाच्या रकान्यात ‘न्यूट्रल’ किंवा ‘अनबायस्ड’ घुसवू नका म्हणजे मिळवलं. दिनांक, महापौर हे शब्द सुचवणारे सावरकर याच जिल्ह्यात, भगूरला जन्मले. आपणच इंग्रजीचा अर्थ इंग्रजीत सांगत बसायचं का?

गोदाकाठ
भगूरकर, न्यूट्रल लिहायचं कुणी म्हटलंय? आणि निःस्पृह म्हणजे लोभ नसलेला. विम्याचा सर्वेअर एक पैसा खात नसेल तर तो निःस्पृह. पण बाग त्याच्या सख्ख्या मेहुण्याची असेल तर तो डिसइंटरेस्टेड नाही, कितीही सज्जन असो. निःस्पृहता माणसाच्या स्वभावात असते. डिसइंटरेस्टेड आहे की नाही हे बहुतेक वेळा नात्यावरून आणि व्यवहारावरून ठरतं. दोन्ही एका ठिकाणी आले की रामशास्त्री होतो, पण परीक्षेत रामशास्त्री रोज येत नाही.

‘तटस्थ’ही कोणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगतो : तटस्थ माणसाने बाजू घ्यायचं टाळलेलं असतं, त्याचा हितसंबंध असूही शकतो. शिवाय गोदेला पूर आला की तटावरचा कोरडा राहत नाही, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला विचारा.

पंचवटीचे काका
उदासीन शब्दाला इतकं झोडपू नका. उद् अधिक आसीन, म्हणजे बाजूला, अलिप्त बसलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात नववा श्लोक बघा, ‘सुहृन्मित्रार्युदासीनमध्यस्थ…’ अशी यादीच आहे. बाराव्यात भक्ताचं लक्षण सांगताना ‘उदासीनो गतव्यथः’ आलंय (श्लोक १६). तिथे तोंड पाडून बसलेला भक्त अभिप्रेत नाही, कोणाची बाजू न घेणारा आहे. म्हणजे ज्याने ती जुनी यादी केली त्याने संस्कृत अर्थ धरला असेल तर तो बरोबरच होता. शब्द मराठीत येऊन घसरला.

आणखी एक. लॅटिनमध्ये इंटर म्हणजे मध्ये, एस्से म्हणजे असणे. इंटरेस्ट या शब्दाच्या मुळाशी हेच ‘मध्ये असणे’ आहे. हा तर आपला ‘मध्यस्थ’!

निफाडवाले भाऊ
काका, मग डिसइंटरेस्टेड म्हणजे जो मध्यस्थ नाही तो? गीतेतला मध्यस्थ निःपक्षपाती आणि बाजारातला मध्यस्थ दलाल. दोन्हीकडची व्युत्पत्ती धरून बसलं तर मुलगा प्रश्न सोडवायच्या ऐवजी घंटा होईपर्यंत मुळाशीच खणत बसेल. व्युत्पत्ती लक्षात ठेवायला कामाची, अर्थ ठरवायला नाही.

उपनगरातला अनुवादक
उदासीनचं जे संस्कृतातून मराठीत येताना झालं तेच डिसइंटरेस्टेडचं इंग्रजीत झालंय, फक्त उलट्या दिशेने. सतराव्या शतकात डिसइंटरेस्टेड हा शब्द ‘रस नसलेला’ या अर्थाने सापडतो आणि अनइंटरेस्टेड ‘निःपक्षपाती’ या अर्थाने. पुढे दोघांनी जागा बदलल्या. आज मेरियम-वेब्स्टर दोन्ही अर्थ देते. तेव्हा ‘रस नसलेला हा अर्थ साफ चूक’ असं मुलांना सांगू नका, वर्तमानपत्र वाचताना तो त्यांना भेटणारच. एक खूण सांगा : मागोमाग ‘इन’ आला (डिसइंटरेस्टेड इन पॉलिटिक्स) तर बहुतेक वेळा ‘रस नसलेला’. नामाच्या आधी सरळ विशेषण म्हणून आला तर बहुतेक वेळा ‘हितसंबंध नसलेला’. परीक्षेत या दुसऱ्या अर्थावर बेतलेलं उत्तर धरावं.

भगूरकर
म्हणजे लोकांनी चारदा चुकीचं वापरलं की ते बरोबर?

उपनगरातला अनुवादक
तसं नसेल तर ‘उदास’ म्हणजे खिन्न हेही मराठीतून काढून टाका. करता?

पाच कप्पे
वाद चालू द्या, पण अरुंद रकान्यात एकच प्रतिशब्द ही पद्धतच मुळात बिघडलेली आहे. शब्द कार्डावर घ्या. पुढच्या बाजूला एक पूर्ण इंग्रजी वाक्य, त्यात तो शब्द गाळलेला, शब्दाचं पहिलं अक्षर दिलेलं. मागच्या बाजूला आधी चार गोष्टी : शब्द, उच्चार (डिस्-इन्-ट्रस्-टिड, जोर ‘इन्’वर, ‘रेस्टेड’ असं ताणायचं नाही), सोबत येणारी दोन-तीन नामं, आणि ज्याच्याशी गल्लत होते तो शब्द. मराठी अर्थ शेवटी, तोही त्या वाक्यापुरता. म्हणजे निफाडवाल्यांचा त्रयस्थ एका कार्डावर आणि निरपेक्ष दुसऱ्या कार्डावर. एकाच कार्डावर दोन्ही घातले की मूल एक आठवतं आणि दुसरं आठवल्याचं समाधान करून घेतं.

कार्डं ठेवायचा डबा पाच कप्प्यांचा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात सुरू होतात. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. चुकलेलं कार्ड एकच कप्पा मागे टाकायची सवलत मुलं स्वतःला देतात, तिथून डबा नासतो.

मोबाइलवर अँकी हे कार्डांचं अ‍ॅप वापरत असाल तर त्यात रोजची नवीन कार्डं वीस अशी ठेवून दिलेली असतात. ती दहावर आणा. वीस नवीन म्हणजे काही आठवड्यांत रोजची उजळणी दीड-दोनशेच्या घरात जाते, मग चार दिवस सुटले की मूल अ‍ॅपच काढून टाकतं. एकच कार्ड उजळणीत आठदा चुकलं की अँकी त्याला ‘लीच’ म्हणजे जळू अशी खूण करतं. तेव्हा घोकंपट्टी वाढवू नका, कार्ड नव्याने लिहा. नव्वद टक्के वेळा वाक्यच पोकळ असतं : ‘ही वॉज डिसइंटरेस्टेड’ या वाक्यात वाटेल तो शब्द बसतो. ‘बोथ ब्रदर्स अग्रीड टू अ डिसइंटरेस्टेड व्हॅल्युअर’ असं लिहा, दुसरा अर्थ शिरायला जागाच राहत नाही.

आणि डिसइंटरेस्टेड, अनइंटरेस्टेड एकाच दिवशी शिकवू नका. सारखे दिसणारे शब्द शेजारी बसवले की दोन्हींची मिसळ होते. एक पक्का होऊन तिसऱ्या कप्प्यात गेला की मगच दुसरा काढायचा. बहुतेक याद्या नेमक्या उलट करतात, गल्लतीचे शब्द मुद्दाम एका ओळीत छापतात.

कॉलेजरोडची पाटी
दोघांचा एकत्र तक्ता तर माझ्या यादीत छापून तयार आहे! शिवाय कार्डं ठीक आहेत, पण दोन-अडीच हजार शब्दांची कार्डं करायची कुणी?

पाच कप्पे
मुलांनी. दुसऱ्याने केलेलं कार्ड अर्धंच चढतं. आणि अडीच हजार लागत नाहीत. आधी कॉक्सहेड यांची २००० सालची अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट (अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणारे शब्द) संपवा : ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं), दहा उपयाद्या, पहिल्या नऊंत साठ-साठ, शेवटच्यात तीस. पाया कच्चा असताना ‘पेरिपटेटिक’ आणि ‘पल्क्रिट्यूड’ असे क्वचित भेटणारे शब्द पाठ करणाऱ्या मुलाला उताऱ्यातला ‘नॉटविथस्टँडिंग’ अडवतो.

पंचवटीचे काका
मूळ शब्दाकडे या. ‘निर्व्याज’ कुणालाच सुचला नाही? निर्व्याज प्रेम, निर्व्याज मैत्री. इंटरेस्ट म्हणजे व्याज, डिसइंटरेस्टेड म्हणजे निर्व्याज. इतका चपखल प्रतिशब्द कुठे मिळायचा!

गोदाकाठ
काका, चपखल दिसतो हाच घोटाळा आहे. निर्व्याजमधला व्याज म्हणजे कपट, बहाणा. व्याजस्तुतीमधलाही तोच. पैशाच्या व्याजाला संस्कृतात वृद्धी आणि कुसीद. निर्व्याज म्हणजे निष्कपट. कर्जाला आपण बिनव्याजीच म्हणतो, निर्व्याज कर्ज कधी ऐकलंय?

पंचवटीचे काका
निष्कपट मैत्रीत स्वार्थ असतो का? मग अर्थ जुळलाच की.

गोदाकाठ
जुळला, पण मैत्रीपुरता. निर्व्याज सर्वेअर म्हणून बघा.

भगूरकर
निर्व्याज पंच. वाईट नाही वाटत.

निफाडवाले भाऊ
पाटीताई, तो एकत्र तक्ता बदलणार असाल तर त्यात ‘मिटिगेट’ आणि ‘मिलिटेट’ही शेजारी असणार, तेही तोडा. मिटिगेटला थेट कर्म लागतं : मिटिगेट द डॅमेज, नुकसानीची तीव्रता कमी करणे. मिलिटेटमागे बहुतेक ‘अगेन्स्ट’ येतो : एखादी गोष्ट दुसरीच्या आड येणे. ‘मिटिगेट अगेन्स्ट’ ही मुलांची ठरलेली चूक.

भगूरकर
‘आड येणे’ हा काय अर्थ झाला? ‘प्रतिकूल ठरणे’ लिहा.

निफाडवाले भाऊ
‘आड येणे’ तीन सेकंदांत आठवतं, भगूरकर. ‘प्रतिकूल ठरणे’ आठवेपर्यंत वेळ संपते.